पीयूपी सापडला: थेट उडवायचा, विचारायचं, की नुसती नोंद ठेवायची?

रिकामी_रांग (प्रश्न)

एंडपॉइंटवर (वापरणाऱ्यांच्या मशीनवर) चालणाऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरची वागणूक ठरवायची आहे. इंजिन तीन निकाल देतं: मालवेअर, पीयूपी (मालवेअर नव्हे, पण बहुधा नको असलेला प्रोग्राम), स्वच्छ. मालवेअरबद्दल वाद नाही. फाइल क्वारंटाइनमध्ये (जिथून ती चालू शकत नाही) जाते, लॉगमध्ये नोंद होते, विषय संपतो. घोडं अडतं ते पीयूपीपाशी.

सध्या पीयूपी सापडला की एक खिडकी उघडते: 'संभाव्य अनावश्यक प्रोग्राम सापडला. काय करायचे?' खाली दोन बटणं, 'काढा' आणि 'परवानगी द्या'. बहुतेक जण 'परवानगी द्या' दाबून मोकळे होतात, कारण त्यांना जे बसवायचं असतं त्याच्या वाटेत ती खिडकी आलेली असते. मग आठवड्याभराने तक्रार येते की अँटिव्हायरस असूनही ब्राउझर भलतंच सर्च इंजिन उघडतो.

बरं, विचारणं बंद करून सरळ काढायचं ठरवलं, तर रिमोट डेस्कटॉपची साधनं, सेव्ह केलेले पासवर्ड दाखवणाऱ्या छोट्या युटिलिटी, पोर्ट स्कॅनर अशा कामाच्या गोष्टींवरही गदा येते. नेमकं विचारायचंय ते असं:

१. डीफॉल्ट कृती काय ठेवावी?
२. विचारायचंच तर कधी आणि कोणत्या शब्दांत?
३. सवलत द्यायची तर पाथवर (फाइलच्या जागेवर), हॅशवर (फाइलच्या मजकुरातून निघणाऱ्या ठशावर) की डिटेक्शनच्या नावावर?
४. पीयूपी काढल्यानंतर काही मशीनवर इंटरनेटच बंद पडतं. ते कशाने?

मिनीफिल्टर

तुमचा घोळ खिडकीच्या आधीच सुरू झालाय. 'पीयूपी' हा एक निकाल नव्हे, ते पोतं आहे. त्यात चार वेगळ्या जातींचा माल भरलेला असतो आणि चौघांना एकच डीफॉल्ट लावला की कुठेतरी चुकणारच.

पहिली जात फसवून आत येणाऱ्यांची: बंडलर (मागितलेल्या प्रोग्रामसोबत दुसरे गुपचूप बसवणारे), ब्राउझर हायजॅकर (ब्राउझरच्या सेटिंग परस्पर बदलणारे), '१,२४८ चुका सापडल्या, दुरुस्तीसाठी पैसे भरा' म्हणून घाबरवणारे क्लीनर. इथे वापरणाऱ्याची संमती मुळात नसतेच, किंवा 'एक्स्प्रेस इन्स्टॉल' नावाच्या बटणामागे दडपलेली असते. ही थेट अडवा. घाबरवणाऱ्या क्लीनरबद्दल मायक्रोसॉफ्टने मार्च २०१८ पासून हेच धोरण धरलं: फुकट स्कॅन करून भीती घालायची आणि दुरुस्तीसाठी पैसे मागायचे, असं करणारा प्रोग्राम 'नको असलेला' धरून काढायचा.

दुसरी जात जाहिरातींवर चालणाऱ्यांची. सगळ्या वाईट नसतात. निकष सोपा आहे. जाहिरात बंद करायची खूण ठळक दिसते का, ती कोणत्या प्रोग्रामने दाखवली ते तिच्यावर लिहिलंय का, आणि त्याच नावाने तो प्रोग्राम अनइन्स्टॉलच्या यादीत सापडतो का. जाहिरातीवर एक नाव, यादीत दुसरंच, असं असेल तर तो पहिल्या जातीत टाका.

तिसरी जात दुधारी साधनांची: रिमोट ॲक्सेस, पासवर्ड रिकव्हरी, पोर्ट स्कॅनर, पॅकेट अडवणारे ड्रायव्हर. हा प्रोग्राम स्वतः कुणालाही फसवत नाही. प्रश्न एवढाच की त्याला तिथे कुणी ठेवलं. म्हणून ही जात पीयूपीच्या स्विचखाली ठेवूच नका. ईसेट या अँटिव्हायरसमध्ये 'नको असलेले' आणि 'असुरक्षित ठरू शकणारे' असे दोन वेगळे स्विच आहेत, आणि दुसरा डीफॉल्ट बंद असतो. कॅस्परस्कीत अशा डिटेक्शनच्या नावाआधी 'नॉट-अ-व्हायरस' लागतं आणि पुढे रिस्कटूल, रिमोटॲडमिन अशी जात येते. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसमध्ये तर पीयूए (पीयूपीचंच दुसरं नाव) ओळखणाऱ्या सिग्नेचर मुळातच बंद असतात, त्या सांगून चालू कराव्या लागतात, आणि त्यातही हवे तेवढे वर्ग निवडता येतात. प्रत्येकाची वाट वेगळी, पण साधनं आणि लबाड यांची सरमिसळ कुणी करत नाही.

चौथी जात पाळत ठेवणाऱ्यांची. तिच्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

आता 'कधी विचारायचं'. आधी अडवा, मग विचारा. उलटं तांत्रिकदृष्ट्याही जमत नाही. फाइल उघडताना फिल्टर ड्रायव्हरला (फाइलची प्रत्येक मागणी वाटेत तपासणाऱ्या भागाला) तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगावं लागतं. माणसाच्या उत्तराची वाट बघत तो धागा (थ्रेड) अडकवून ठेवला की इन्स्टॉलर 'नॉट रिस्पॉन्डिंग' होतो, माणूस टास्क मॅनेजर उघडून त्याला मारतो, आणि अर्धवट बसलेलं काहीतरी मागे राहतं. सर्व्हरवर तर त्याहून मजा. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन ० मध्ये एकट्या चालतात. तिथे उघडलेली खिडकी कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही आणि उत्तर कधीच येत नाही. तेव्हा ॲक्सेस नाकारा, फाइल क्वारंटाइनमध्ये घ्या, आणि मग सूचना द्या.

अडवण्याची जागा शक्यतो इन्स्टॉलरचीच असू दे. बंडलर चालायच्या आधी अडवला तर एक फाइल जाते, बाकी काही नाही. तो चालून गेल्यावर तुम्हाला दोन सर्व्हिसेस, तीन शेड्यूल्ड टास्क, एक एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग असा पसारा आवरावा लागतो.

शब्दांबद्दल. 'संभाव्य अनावश्यक प्रोग्राम' वाचून कुणाला काही बोध होत नाही. नाव नको, करणी सांगा:

'हा इन्स्टॉलर अडवला आहे. तुम्ही घेतलेल्या व्हिडिओ प्लेयरसोबत तो आणखी दोन प्रोग्राम बसवतो आणि ब्राउझरचं सर्च इंजिन बदलतो. त्यांना नकार देण्याची सोय "कस्टम" या पर्यायात लपवलेली आहे.'

बटणं: 'अडवलेला राहू दे' हे ठळक, आणि 'तरीही चालवायचा आहे' हे साधं. दुसरं दाबल्यावर तेवढ्या फाइलच्या हॅशपुरती परवानगी, अख्ख्या कुटुंबाला नव्हे. आणि कृपा करून 'पुन्हा विचारू नका' हा चौकोन आधीच टिक करून देऊ नका. ती तर बंडलरचीच युक्ती.

गट_धोरण

वरच्याशी बराचसा सहमत, पण 'थेट अडवा' हे घरच्या मशीनला ठीक. शंभर मशीनच्या जाळ्यात पहिल्या दिवशी अडवायला गेलात तर दुपारपर्यंत फोन थांबणार नाहीत. आधी ऑडिट.

डिफेंडरचं (विंडोजसोबत येणाऱ्या अँटिव्हायरसचं) उदाहरण घेतो, कारण ते बहुतेकांसमोर असतं. पॉवरशेलच्या सेट-एमपीप्रेफरन्स या कमांडला पीयूएप्रोटेक्शन हे पॅरामीटर आहे. किंमत ० म्हणजे बंद, १ म्हणजे अडव, २ म्हणजे ऑडिट. २ वर ठेवलं की काहीच अडत नाही, फक्त इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिफेंडरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये ११६० क्रमांकाची नोंद पडते. दोन ते चार आठवडे या नोंदी एका ठिकाणी गोळा करा, डिटेक्शनचं नाव आणि फाइलचा पाथ असे गट पाडा. महिन्याचा एक पगाराचा किंवा हिशेबाचा फेरा त्यात आलाच पाहिजे, कारण महिन्यातून एकदाच चालणारी जुनी युटिलिटी नेमकी तिथे सापडते. कामाच्या गोष्टींना सवलत देऊन झाली की १ करा.

घरच्या विंडोजमध्ये हीच गोष्ट 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधल्या रेप्युटेशनच्या सेटिंगमध्ये आहे. २०२० च्या मे अपडेटपासून ती डोळ्यांना दिसते आणि ऑगस्ट २०२१ पासून डीफॉल्ट चालू करायला सुरुवात झाली. तिथे दोन चौकोन आहेत, 'ब्लॉक ॲप्स' आणि 'ब्लॉक डाउनलोड्स'. दुसऱ्याने लोक फसतात: तो फक्त एज ब्राउझरच्या डाउनलोडला लागू होतो. दुसऱ्या ब्राउझरने आणलेली फाइल डिस्कवर उतरल्यावर पहिल्या चौकोनाच्या वाट्याला येते.

आणखी एक. टोरंट आणि क्रिप्टोमायनिंगची सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या यादीत पीयूए आहेत, पण फक्त एंटरप्राइझसाठी. घरी तीच फाइल गप्प राहते, ऑफिसात अडते. यात विसंगती काही नाही. 'नको असलेला' म्हटलं की 'कुणाला नको' हे आलंच, आणि ऑफिसच्या मशीनवर ते ठरवणारा माणूस कीबोर्डसमोर बसलेला नसतो. म्हणून तुमच्या उत्पादनातही धोरण मध्यवर्ती लावलं असेल तर ती खिडकी वापरणाऱ्याला दाखवूच नका. 'तुमच्या संस्थेने अडवलं आहे' एवढी एक ओळ आणि विनंती पाठवायचं बटण, बस्स.

सवलतीबद्दल. पाथवर सवलत म्हणजे दाराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. डिफेंडरमध्ये एखादा फोल्डर वगळला की तिथे मालवेअरही तपासलं जात नाही, नुसता पीयूपी नव्हे. त्यात तो फोल्डर वापरणाऱ्याला लिहिता येण्यासारखा असेल (डाउनलोड्स, टेम्प, ॲपडेटा) तर विचारूच नका. हॅश सर्वांत घट्ट, पण प्रोग्राम अपडेट झाला की हॅश बदलतो आणि सवलत मेली. न बदलणाऱ्या जुन्या युटिलिटीला हॅश उत्तम. अपडेट होणाऱ्याला सही करणारा प्रकाशक अधिक उत्पादनाचं नाव अशी जोडी. नुसता प्रकाशक नको, कारण तोच प्रकाशक त्याच सर्टिफिकेटने बंडलरवरही सही करत असू शकतो.

डिटेक्शनच्या नावावर सवलत देताना नाव किती रुंद आहे ते बघा. एका विशिष्ट साधनाचं नाव असेल तर चालेल. 'बंडलर, जेनेरिक' अशा ह्युरिस्टिक (ढोबळ लक्षणांवरून दिलेल्या) नावाला परवानगी दिली तर जगातल्या सगळ्या बंडलरना दार उघडं.

ॲडमिन हक्क काढून घेतले की पीयूपी थांबतो, या समजात राहू नका. यातले पुष्कळसे ॲपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये बसतात, तिथे ॲडमिनची परवानगी लागतच नाही. त्या फोल्डरमधून एक्झिक्युटेबल चालणं विंडोजच्या ॲपलॉकरने (कोणते प्रोग्राम चालावेत ते ठरवणाऱ्या सोयीने) रोखता येतं, मात्र काही नावाजलेली चॅट आणि मीटिंगची सॉफ्टवेअरही तिथूनच चालतात, त्यांचे प्रकाशक-नियम आधी लिहून ठेवा.

सेटिंग चालू आहे का ते पाहायला खरा ॲडवेअर शोधत बसू नका. ॲम्टसो या संस्थेची पीयूएसाठीची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे, ती डाउनलोड करून बघा.

नोंदवहीतला_किडा

चौथ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही, म्हणून तेवढंच लिहितो.

इंटरनेट बंद पडतं याचं सर्वांत नेहमीचं कारण लोकल प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये मशीनवरच बसलेला मध्यस्थ. जाहिराती घुसवणारा ॲडवेअर मशीनवरच १२७.०.०.१ या पत्त्यावर एखाद्या पोर्टवर ऐकत बसतो आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या) 'इंटरनेट सेटिंग्ज' कीमध्ये प्रॉक्सीएनेबल १ करून प्रॉक्सीसर्व्हरमध्ये स्वतःचा पत्ता टाकतो. तुम्ही फाइल उडवली, प्रोसेस मेली, सेटिंग तशीच राहिली. आता ब्राउझर प्रत्येक पान त्या पोर्टवर मागतो आणि तिथे कुणीच नाही. पिंग चालतं, मेल चालतं, ब्राउझर मात्र 'प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणतो. माणसाच्या लेखी नेट तुमच्या अँटिव्हायरसने तोडलं, आणि त्याचं चूकही नाही.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी शेड्यूल्ड टास्क आणि सर्व्हिस बंद करा, मग त्याच्या सगळ्या प्रोसेस एकदम मारा (दोन असतील तर एक दुसरीला परत उठवते), मग प्रॉक्सी मागे घ्या, आणि फाइली सगळ्यांत शेवटी. प्रॉक्सी आधी मागे घेतलात तर पहारेकरी प्रोसेस काही सेकंदांत ती परत लावते.

यात तीन खाचा आहेत.

तुमची सर्व्हिस सिस्टिम खात्याखाली चालते, त्यामुळे तिच्या दृष्टीने 'करंट यूजर' म्हणजे सिस्टिम. कोड बरोबर, रिटर्न व्हॅल्यू यशाची, आणि खऱ्या माणसाची सेटिंग जशीच्या तशी. एचकी-यूजर्सखाली त्या माणसाच्या एसआयडीची (खात्याच्या ओळख-क्रमांकाची) शाखा उघडून तिथे लिहायचं. लॉगइन नसलेल्या खात्यांची एनटीयूजर.डॅट (खात्याच्या सेटिंगची फाइल) लोड करून बघायची, नाहीतर दुसरा माणूस लॉगइन झाला की तक्रार पुन्हा.

दुसरी खाच: प्रॉक्सी दिसली की पुसायची असं करू नका. ऑफिसची खरी प्रॉक्सी असेल, किंवा एखाद्या डेव्हलपरचा फिडलर (वेबची ये-जा तपासायचं साधन) ८८८८ वर बसला असेल. त्या पोर्टवर ऐकणारी प्रोसेस आणि डिटेक्ट झालेली फाइल एकच आहे, हे जुळलं तरच पुसा. ऑटोकॉन्फिगयूआरएल (प्रॉक्सी ठरवणाऱ्या स्क्रिप्टचा पत्ता) ही तिसरी किंमत विसरू नका, बरेच जण तीच वापरतात.

तिसरी: रजिस्ट्री बदलली तरी उघडा ब्राउझर जुनंच धरून बसतो. सेटिंग बदलल्याची सूचना विनआयनेटला (विंडोजच्या इंटरनेट लायब्ररीला) द्यावी लागते. विनएचटीटीपीची (सर्व्हिसेस वापरतात त्या लायब्ररीची) प्रॉक्सी वेगळीच असते, ती नेटश या कमांडने बघा.

जुन्या मशीनवर विन्सॉकच्या (विंडोजच्या नेटवर्क लायब्ररीच्या) साखळीत घुसलेला एलएसपी (येणारा-जाणारा डेटा हाताळणारी डीएलएल) हेही कारण असतं. साखळीतली एक डीएलएल काढली की साखळीच तुटते. नेटश विन्सॉक रीसेट आणि रीस्टार्ट हा उपाय, पण त्याने बाकीच्यांचे एलएसपीही जातात. ड्रायव्हरच्या बाबतीत रजिस्ट्रीतल्या अपरफिल्टर्स या यादीमधलं नाव न काढता नुसती फाइल काढली तर ते डिव्हाइस सुरूच होत नाही, आणि तो डिस्कचा फिल्टर असेल तर मशीन बूटच होत नाही. ड्रायव्हर असलेल्या पीयूपीला मी तरी आपोआप हात लावू देणार नाही.

ब्राउझरच्या बाजूला: एक्स्टेन्शनचा फोल्डर उडवला तरी ते परत येतं, कारण पॉलिसीच्या कीमध्ये फोर्सलिस्टला (सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनच्या यादीला) त्याचा आयडी टाकलेला असतो. घरच्या मशीनवरचा क्रोम 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' म्हणू लागला तर आधी तिथे बघा. तेही स्वच्छ असेल तर सिंक. एक्स्टेन्शन खात्यात साठलेलं असतं आणि पुढच्या लॉगइनला उतरतं. शॉर्टकटच्या टार्गेटपुढे पत्ता चिकटवला असेल तर तेवढा भाग छाटा, शॉर्टकट उडवू नका.

आणि सर्टिफिकेट. २०१५ चं सुपरफिश आठवा. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवून आलेला हा ॲडवेअर एचटीटीपीएसच्या पानांत जाहिराती घालता याव्यात म्हणून स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर मशीन बाकीची सर्टिफिकेट खरी मानतं) बसवायचा, आणि त्याची खासगी किल्ली सगळ्या मशीनवर एकच होती. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं. म्हणजे जाहिराती गेल्या आणि खरं भोक उघडंच. डिफेंडरच्या अपडेटने नंतर दोन्ही काढलं. फायरफॉक्सचा सर्टिफिकेटचा साठा वेगळा असतो, तिथेही बघावं लागतं.

रिकामी_रांग

प्रॉक्सीचं तंतोतंत जुळतंय. आमचा कोड करंट यूजरवरच लिहितो. एक उपप्रश्न: पीयूपीचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवावा की सगळं आपणच उपटावं?

नोंदवहीतला_किडा

सही केलेला, माहितीतला आणि मूक पद्धतीने चालणारा असेल तर त्याचाच चालवा. सर्व्हिस आणि ड्रायव्हर तो आपल्यापेक्षा नीट काढतो. त्याला वेळेची मर्यादा घाला, नेटवर्क बंद ठेवा (जाता जाता दुसरं काही उतरवणारे आहेत), आणि संपल्यावर पुन्हा स्कॅन करा. बाकी सगळ्यांना आपला हात. काढण्याआधी रजिस्ट्रीच्या जुन्या किमती आणि टास्कची एक्सएमएल क्वारंटाइनच्या नोंदीतच ठेवा. 'परत आणा' दाबल्यावर नुसती एक्झी परत आली आणि सर्व्हिस आली नाही तर त्या बटणाला अर्थ नाही.

पिवळी_पट्टी

दोन गोष्टी राहिल्या.

यादीचं नाव. तुमच्या पडद्यावर पीयूपी आणि मालवेअर एकाच 'धोके' या लाल यादीत येत असतील तर वेगळे करा. हे नुसतं सौजन्य नाही. 'पीयूपी' हा मवाळ शब्दच निघाला तो मार्केटिंगवाल्यांनी 'स्पायवेअर' म्हणण्याला हरकत घेतल्यामुळे. अमेरिकेत झँगो (ॲडवेअर कंपनी) विरुद्ध कॅस्परस्की खटल्यात २००९ मध्ये नवव्या सर्किट (संघीय अपील) न्यायालयाने अडवणाऱ्या कंपनीला संरक्षण दिलं. पुढे एनिग्मा विरुद्ध मालवेअरबाइट्समध्ये त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की स्पर्धकाला पाडायच्या हेतूने अडवलं असेल तर ते संरक्षण नाही. त्याच वादात २०२३ मध्ये 'मॅलिशस' आणि 'थ्रेट' हे शब्द पडताळता येणारी विधानं धरली गेली, 'पीयूपी' मात्र मत. म्हणून प्रत्येक डिटेक्शनमागे लिहिलेला निकष आणि त्याचा पुरावा (कोणत्या स्क्रीनवर काय लपवलं, त्याचं चित्र, इन्स्टॉलरचा हॅश, तारीख) ठेवा, आणि निकष जाहीर ठेवा. प्रकाशकाने सुधारून नवी आवृत्ती दिली तर फेरतपासणीचा मार्गही हवा. तोवर जुन्या हॅशवरचं डिटेक्शन हलवायचं नाही.

आणि मिनीफिल्टर यांची चौथी जात. जोडीदाराच्या किंवा घरच्या माणसाच्या मशीनवर गुपचूप बसवलेलं पाळतीचं सॉफ्टवेअर. कॅस्परस्कीनेही एप्रिल २०१९ पासून अशांसाठी वेगळी, स्पष्ट शब्दांतली सूचना सुरू केली. इथे मऊ 'नॉट-अ-व्हायरस' छापाची भाषा चुकीची, आणि आपोआप काढणंही चुकीचं. काढल्याक्षणी पाळत ठेवणाऱ्याला माहिती येणं बंद होतं, म्हणजे त्याला कळतं, आणि मशीनसमोरच्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. शिवाय पुरावा जातो तो वेगळाच. इथे, आणि फक्त इथे, आधी सांगा, परिणाम लिहा, आणि निर्णय त्या माणसावर सोडा. सूचनेत 'हा प्रोग्राम तुमचे मेसेज आणि ठिकाण दुसऱ्याला पाठवू शकतो. काढल्यास त्या व्यक्तीला ते लक्षात येऊ शकतं' एवढं असावं. मात्र ही सूचना ईमेलने खातेधारकाला धाडू नका. परवाना विकत घेणारा आणि पाळत ठेवणारा पुष्कळदा एकच असतो.